रुळांमधलं गवत आगीने काढायचं असेल तर

पहिल्यांदा एकच गोष्ट नीट डोक्यात बसवून घ्या, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. टॉर्च, म्हणजे गॅसवर ज्योत फेकणारा लांब दांड्याचा बर्नर, घेऊन रुळात उतरलात की गवत जाळायचं नसतं, पोळायचं असतं. हिरव्या पानात पाणी भरलेलं असतं, ज्योत वरून नुसती फिरली तरी त्या पाण्याची वाफ होते, पेशी फुटतात आणि पान मरतं. त्याला सेकंदाचा छोटासा भागही पुरतो. ज्योत पुढे गेल्यावर पान हिरवंच दिसतं, थोडं गडद, थोडं ओलसर आणि चमकदार, आणि इथेच लोक फसतात, त्यांना वाटतं काहीच झालं नाही म्हणून परत मागे येतात आणि काळं होईपर्यंत उभे राहतात. तसं करायचं नाही. पान चिमटीत धरून दाबा, बोटाचा ठसा गडद हिरवा उमटला की ते पान गेलं समजा. काही तासांत मान टाकतं, एकदोन दिवसांत वाळतं.

काळं होईपर्यंत थांबण्यात गॅस तर जातोच पण खरा तोटा खाली होतो, स्लीपर, म्हणजे रुळांखाली आडवा ठेवलेला लाकडाचा किंवा काँक्रीटचा ठोकळा, तो तापतो, रूळ आणि स्लीपरच्या मधला रबर पॅड तापतो, आणि एवढं करून मूळ काही मरत नाहीच. ज्योतीची उष्णता जमिनीत जेमतेम काही मिलिमीटर जाते. मूळ मारायचं ते पानं पुन्हा पुन्हा मारून, त्याबद्दल पुढे लिहितो.

मुळात रुळात गवत का येतं, तर खडी घाण झालेली असते म्हणून. खडीचं काम आहे गाडीचा भार खाली पसरवणं आणि पाणी झटकन निचरून जाऊ देणं, स्वच्छ खडीत बी पडलं तरी त्याला धरायला माती नसते. पण धूळ, कोळशाची भुकटी, सांडलेलं धान्य, कुजलेला पाला असं सगळं दगडांच्या फटीत साठत जातं आणि मग तिथे रोप धरतं, त्याची मुळं अजून माती धरून ठेवतात, पाणी थांबायला लागतं, लाकडी स्लीपर कुजतात, गाडी गेली की स्लीपरखालून चिखल वर यायला लागतो आणि रुळाची पातळी बिघडते. शिवाय गवतात रूळ स्लीपरला धरून ठेवणारी क्लिप निसटलेली दिसत नाही, दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीची, म्हणजे फिशप्लेटची, चीर दिसत नाही, आणि रुळावर चिरडलेला ओला पाला चाकं घसरवतो. म्हणून हे काम महत्त्वाचं, नुसतं दिसायला बरं म्हणून नाही. आणि म्हणूनच उंच वाळलेलं गवत जागेवर पेटवून देणं मला अजिबात पटत नाही, कारण राख आणि कोळसा परत त्याच खडीत जाऊन बसतो आणि पुढच्या बियांना गादी तयार होते. उंच गवत आधी कापा, गोळा करा, रुळाबाहेर न्या, मग खाली जे हिरवं फुटतं त्याच्यावर टॉर्च चालवा.

आता परवानगीचं. लाईन ज्यांच्या मालकीची आहे त्यांची लेखी परवानगी हवी, आणि चालू लाईन असेल तर रीतसर ब्लॉक हवा, म्हणजे ठरलेल्या वेळात त्या तुकड्यात गाडी येणारच नाही याची हमी. "दोन तास गाडी नाहीये, पटकन उरकून घेऊ" हे चालत नाही. ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते, म्हणजे तुम्ही मान वर करून, टॉर्च बंद करून, नळी गोळा करून बाजूला होईपर्यंत दहा सेकंद गेले तर ती २८० मीटर पुढे आलेली असते. आणि बर्नरचा आवाज इतका असतो की तुम्हाला भोंगा ऐकूच येत नाही, हे ज्याने हातात टॉर्च धरलाय त्यालाच कळतं. म्हणून ब्लॉक असला तरी एक माणूस फक्त लक्ष ठेवायला हवा, त्याच्या हातात दुसरं काहीही काम द्यायचं नाही, आणि इशारा ओरडून नाही तर खांद्याला हात लावून द्यायचा हे आधी ठरवून घ्यायचं. ट्रॉली रुळावर ठेवून काम करत असाल तर अजून एक लक्षात घ्या, चाकं इन्सुलेटेड, म्हणजे एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वीज न जाऊ देणारी, असली तर ती ट्रॉली ट्रॅक सर्किटला, म्हणजे रुळांतल्या विजेवरून गाडी ओळखणाऱ्या यंत्रणेला, दिसतच नाही, म्हणजे सिग्नल तुमचं रक्षण करतोय असं धरून चालू नका.

मी जे लिहितोय ते मुख्यतः साईडिंग (मुख्य लाईनीच्या बाजूला डबे उभे करायच्या लाईनी), यार्डाच्या कडेच्या लाईनी, जपून ठेवलेल्या जुन्या लाईनी, अशा ठिकाणांसाठी आहे, जिथे माणूस चालत चालत काम करतो. मोठ्या लाईनींवर पूर्वी यासाठी अख्ख्या गाड्याच असायच्या. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या फेअरमॉन्ट आणि वुलेरी या कंपन्या विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात रुळावर चालणारे वीड बर्नर बनवायच्या, त्यात तेल जाळून मोठमोठ्या ज्योती खाली खडीवर सोडायचे, आणि मागे विझवायला माणसं लागायचीच कारण लाकडी स्लीपर पेट घ्यायचे. १९४० च्या दशकात टू-फोर-डी सारखी तणनाशकं आली आणि हे बर्नर मागे पडत गेले. आता रसायनांवरच प्रश्न उभे राहिलेत, जर्मनीच्या रेल्वेने रुळांवर ग्लायफोसेट हे तणनाशक मारणं बंद केलंय, स्वित्झर्लंडमध्ये गरम पाण्याची गाडी वापरून बघितली, त्यामुळे उष्णतेने तण मारायचा विषय परत निघालाय. गरम पाण्याचं तत्त्व तेच, पान पोळायचं, फक्त आगीचा धोका नाही, पण पाणी भरपूर वाहून न्यावं लागतं.

रसायनावरून आठवलं, हे फार महत्त्वाचं आहे. त्या तुकड्यात पूर्वी सोडियम क्लोरेट मारलेलं असेल तर टॉर्च नेऊच नका. ते स्वतः ऑक्सिजन सोडतं, त्यामुळे त्याने भिजून वाळलेलं गवत, लाकूड, अगदी कपडेसुद्धा भडकन पेटतात. काय मारलं होतं ते आधी विचारून घ्या, सांगणारं कोणी नसेल तर तिथे विळा आणि फावडं हेच साधन.

सामानात मुख्य म्हणजे प्रोपेन किंवा एलपीजीवर चालणारा लांब दांड्याचा टॉर्च, रेग्युलेटर, चांगली गॅसची नळी, आणि ज्योत उलटी नळीत शिरू नये म्हणून फ्लॅशबॅक अरेस्टर. रॉकेलचे पंप मारायचे टॉर्च पण असतात, मला ते रुळावर नको वाटतात कारण न जळलेलं रॉकेल थेंब थेंब खडीत आणि लाकडात गळतं आणि मग ते कधी पेटेल सांगता येत नाही. सिलिंडर नेहमी उभाच ठेवायचा, आडवा झाला की वायूऐवजी द्रव नळीत येतो आणि ज्योत एकदम भडकते. ट्रॉलीवर किंवा हातगाडीवर पट्ट्याने बांधून ठेवा, नळी इतकी लांब हवी की सिलिंडर ज्योतीपासून कायम मागे राहील.

मोठा बर्नर आणि छोटा सिलिंडर ही जोडी लावू नका. द्रव प्रोपेन वायू होताना उष्णता ओढून घेतो, त्याचा उत्कलनबिंदूच उणे ४२ अंश आहे, त्यामुळे जोरात गॅस खेचला की सिलिंडर गार पडतो, बाहेरून दव नाहीतर बर्फ धरतो आणि ज्योत मलूल होते. थंड हवेत ब्युटेन जास्त असलेला गॅस तर जवळजवळ चालतच नाही, ब्युटेन उणे अर्ध्या अंशाखाली वायू व्हायलाच तयार नसतो. अशा वेळी काही लोक सिलिंडरलाच टॉर्च दाखवतात. हे कधीही, कुठल्याही कारणाने करायचं नाही. सिलिंडर बदला, गार पडलेल्याला विश्रांती द्या, किंवा पहिल्यापासूनच मोठा घ्या.

जोडण्या लावल्या की प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून बघा, बुडबुडा आला की गळती आहे. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असतो, गळला तर वर उडून जात नाही, खाली बसतो, आणि रुळाच्या कडेला खाली बसायला जागा भरपूर असतात, नाली, मोरी, केबलचा चर. हवेत साधारण २ ते साडेनऊ टक्के झाला की ठिणगीची वाट बघतो. म्हणून सिलिंडर मोरीच्या तोंडाशी किंवा केबलच्या चराजवळ उभा करू नका.

कपडे सुती किंवा लोकरीचे, पायात चामड्याचे बूट, आणि अंगावरचं ते चमकदार जॅकेट नायलॉनचं असेल तर ते वितळून कातडीला चिकटतं, आग न धरणारं मिळतं तेच घ्या. चष्मा हवाच. काही दगड, विशेषतः आत ओल असलेले, तापले की फुटून कपचे उडवतात, डोळ्याच्या उंचीपर्यंत येतात.

सामान आलं तरी लगेच पेटवू नका, आधी पूर्ण तुकडा एकदा हात मोकळे ठेवून चालत जा. माझ्या मते निम्मं काम या चालण्यात आहे. स्लीपर कशाचे आहेत बघा. लाकडी असतील तर त्यात क्रिओसोट मुरवलेलं असतं, ते पेटतं, त्याचा धूर विषारी असतो, आणि जुन्या लाकडाच्या भेगांत ठिणगी शिरली की बाहेरून काही न दिसता आत तासन्‌तास धुमसते. फार भेगाळलेले, कुजलेले लाकडी स्लीपर असतील तर त्या तुकड्यात टॉर्च नकोच. काँक्रीटचे असतील तर एकाच जागी ज्योत धरली की वरचा थर तडकून सुटतो, आणि रुळाखालचे रबर पॅड, क्लिपच्या खालचे नायलॉनचे लायनर हे तर प्लास्टिकच, ते आधी जातात. एक लायनर वितळला की ती क्लिप रुळाला नीट धरत नाही. म्हणून रुळाच्या दोन्ही कडेचा वीतभर पट्टा, जिथे क्लिप आणि लायनर असतात, तो मी हातानेच साफ करतो, वेळ लागतो पण मनाला घोर राहत नाही.

चालताना खडू किंवा झेंडी घेऊन खुणा करत जा. सिग्नलच्या केबली, रुळाला जोडलेल्या बाँड वायर, इन्सुलेटेड जॉइंट (वीज पुढे न जाऊ देणारे रुळाचे सांधे), ॲक्सल काउंटर (चाकं मोजणारं यंत्र), गाडीची लाईन बदलणाऱ्या काट्याची मोटर, यांच्यापासून निदान दोन मीटर आधी थांबायचं. काट्याच्या पट्ट्यांवर आणि फिशप्लेटमध्ये ग्रीस असतं, ते जळतं. इंजिन जिथे उभं राहतं तिथली खडी डिझेल आणि तेलाने भिजलेली असते, तिथे ज्योत अजिबात नाही. प्लास्टिकचा कचरा उचलून घ्या, तो जळला की घाणेरडा धूर होतो. वर विजेची तार असेल तर त्या लाईनच्या वीज विभागाशी बोलल्याशिवाय सुरू करू नका, दाट धूर आणि मोठी ज्योत तारेखाली आली तर त्यातून वीज खाली उतरू शकते, आणि तारेच्या दिशेने पाणी मारणं तर प्राणघातक आहे. आणि हो, खडीत टिटवीसारखे पक्षी अंडी घालतात, सरडे असतात, बेडूक असतात, त्यांचीही खूण करा आणि ती जागा सोडून द्या. घाई नसतेच, पिल्लं उडाली की नंतर करता येतं. ज्या झाडाने अंगाला खाज सुटते तेही जाळू नका, हाताने लागतं त्यापेक्षा धुरातून छातीत गेलेलं कितीतरी वाईट.

दोन्ही कडेला जाळरेषा हवी. खडीचा उतार संपतो तिथून पुढे दोन-तीन मीटर गवत कापून, उचलून, जमीन पाण्याने ओली करून ठेवायची. बाजूला वाळलेलं रान असेल, वारा असेल, तर त्या दिवशी घरी जा. झाडाची बारीक फांदी सारखी हलत असेल इतका वारा मला जास्त वाटतो. सगळ्यात चांगला दिवस म्हणजे पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन दिवसांनी, जमीन ओली, आजूबाजूचं हिरवं, पण पानांवरचं पाणी वाळलेलं. पानांवर दव असलं तर निम्मी उष्णता ते पाणी उडवण्यातच जाते.

पेटवताना टॉर्चचं तोंड खाली, माणसांपासून दूर, सिलिंडरचा व्हॉल्व्ह हळू उघडा, टॉर्चचा व्हॉल्व्ह अगदी थोडा, आणि स्पार्क लायटरने पेटवा, काडीने नको. गॅस आधी सोडून मग लायटर शोधत बसू नका. छोटी ज्योत स्थिर झाली की वाढवा. वारा पाठीवर किंवा कुशीवर घ्या, तोंडावर कधीच नाही. बर्नर पानांपासून साधारण वीतभर वर, थोडा तिरका, आणि चालत राहायचं, सावकाश फेरफटका मारतो त्या चालीने, ताशी दोन-तीन किलोमीटर. हात डावी-उजवीकडे झुलवायचा पण थांबवायचा नाही. उन्हात ज्योत दिसत नाही हेही ध्यानात ठेवा, कितीपर्यंत पोचते ते सावलीत एकदा बघून घ्या.

रुळावर ज्योत रेंगाळू देऊ नका. पोलाद एका अंशाला किलोमीटरमागे साडेअकरा मिलिमीटर वाढतं, म्हणजे १०० मीटर रूळ २० अंशांनी तापला तर २३ मिलिमीटर. सांधे असलेल्या लाईनीत ते फटीत सामावतं, पण लांब वेल्डेड रूळ असेल तर त्याला वाढायला जागाच नसते, तो ताण आत साठतो आणि रूळ वाकडा होऊ शकतो. नुसत्या चालत्या ज्योतीने एवढं होत नाही, पण भर दुपारी रूळ आधीच तापलेला असताना हे काम करण्यात शहाणपण नाही, सकाळी करा.

गॅस किती लागेल याचा अंदाज: कोवळ्या तणाला हेक्टरी साधारण ५० किलो प्रोपेन धरतात, तण मोठं झालं की दुप्पटही लागतो. तीन मीटर रुंदीची एक किलोमीटर लाईन म्हणजे ०.३ हेक्टर, म्हणजे कोवळं असताना १५ किलो आणि उशीर केला तर ३०. हातटॉर्चने यापेक्षा थोडा जास्तच जातो. बर्नरवर पत्र्याची झाकण-टोपी लावलेली असली तर उष्णता आत राहते आणि बराच गॅस वाचतो, ट्रॉलीवर लावायचा असेल तर ही टोपी करून घ्याच.

बंद करताना आधी सिलिंडर बंद करायचा, नळीतला उरलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्यायची, मग टॉर्चचा व्हॉल्व्ह. उलट केलं तर नळीत गॅस कोंडून राहतो.

आणि मग थांबायचं. हा भाग कंटाळवाणा आहे म्हणून लोक टाळतात. आम्ही एकदा सकाळी काम संपवून, सगळीकडे पाणी मारून, तासभर बसून निघालो, आणि दुपारी सामान न्यायला एकजण परत गेला तर एका लाकडी स्लीपरच्या टोकाखालून बारीक धूर येत होता. वरून लाकूड गार होतं, पाणीही पडलेलं होतं, पण खालच्या बाजूला, खडीच्या आड, हातभर लाकूड आत कोरलं गेलं होतं. तेव्हापासून लाकडी स्लीपर असतील तर शेवटच्या ज्योतीनंतर निदान दोन तास माणूस तिथेच राहतो, आणि संध्याकाळी परत एक फेरी. नाकाने वास घ्या, हाताची पालथी बाजू लाकडाच्या जवळ न्या, थर्मल कॅमेरा मिळत असेल तर फारच छान. संशय आला तर त्या टोकाची खडी उकरून खालून पाणी घाला, पाण्यात थोडा साबण टाकला की ते भेगांमध्ये नीट मुरतं. पाठीवरचा पाण्याचा पंप, फावडं आणि वाळूची बादली कायम हाताशी ठेवायची, आणि काम सुरू करायच्या आधीच जवळच्या अग्निशमन दलाला कळवून ठेवायचं म्हणजे धूर बघून कोणी फोन केला तर गोंधळ होत नाही.

आता मुळांचं. दोन-चार पानांची रुंद पानाची रोपं एका फेरीत मरतात. गवताचं तसं नाही, त्याचा वाढणारा कोंब जमिनीलगत किंवा जमिनीखाली असतो, वरचं पातं मेलं तरी आठवड्यात परत फुटतं. हरळी आणि लव्हाळा तर जमिनीखाली शिदोरी साठवून बसलेले. त्यांना एका दिवशी जास्त आग देऊन काही होत नाही. दोन-तीन आठवड्यांनी, नवीन पानं वीतभर व्हायच्या आधी, परत पोळा. प्रत्येक नवीन पान फोडायला मूळ आपला साठा खर्च करतं आणि ते पान कमवायला लागायच्या आतच तुम्ही मारता, असं चार-पाच वेळा झालं की मूळ थकतं. मधे एक फेरी चुकली आणि गवत मोठं झालं की साठा परत भरतो आणि मागची मेहनत जवळजवळ वाया जाते, म्हणून पहिल्या फेरीच्या दिवशीच पुढच्या सगळ्या तारखा ठरवून ब्लॉक मागून ठेवा.

प्रत्येक फेरीनंतर कुठे परत हिरवं आलं ते स्लीपर मोजून वहीत लिहा. एकाच जागी पाचव्या फेरीनंतरही दाट फुटत असेल तर तिथे गॅस घालवण्यात अर्थ नाही, तिथली खडी मातीने भरलीय. टॉर्च ठेवून ती जागा ट्रॅकवाल्यांना दाखवा, खडी बाहेर काढून चाळून परत भरायला सांगा, आणि शेजारची नाली कुठे तुंबलीय तेही त्याच वेळी बघून घ्या.